हळदीचं हवाई अंतर

पेणला विमानतळ नाही आणि रोह्यालाही नाही, ही गोष्ट मालूला ठाऊक नव्हती असं कृपया कुणी म्हणू नये. नंतर तसं म्हणणारे पुष्कळ निघाले. पण जी बाई पन्नास वर्षांहून जास्त पेणमध्ये राहिली, तिला आपल्या गावात विमान उतरत नाही एवढं कळत असणारच. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न असा होता की मोबाइलवर ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पेण विमानतळ ते रोहा विमानतळ, हवाई अंतर चौतीस किलोमीटर, प्रवासाला लागणारा वेळ तेहेतीस मिनिटं. खाली एक निळं विमानही काढलेलं होतं आणि ते एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर मोठ्या डौलात सरकत होतं.

"विमानतळ नसंल, वयनी," मालू भावजयीला म्हणाली, "पण अंतर तर हाय ना? विमानतळ नाय म्हणून अंतर थोडंच नाहीसं होतं?"

हौसावहिनी स्वयंपाकघराकडे वळली. तिच्या हातात तेव्हा पाच किलो कांदे होते.

मालूने हिशेबही केला होता. विमानाला आधी वर चढावं लागतं आणि मग खाली उतरावं लागतं, निम्मा वेळ त्यातच जातो. जीपला चढणं नाही, उतरणं नाही, दारातून निघाली की रस्त्यालाच लागते. म्हणजे विमान तेहेतीस मिनिटं घेत असेल तर जीप, वाटेतला चहा धरून, फार तर तास घेईल. या हिशेबात नेमकं कुठे चुकलं, ते आजवर कुणी तिला नीट दाखवून दिलेलं नाही. लोक नुसते हसतात.

हा सगळा खटाटोप हळदीसाठी. मालूच्या भाच्याचं, म्हणजे गुणाजीदादाच्या नाथाचं लग्न रविवारी होतं आणि हळद शनिवारी. मुलगी धाटावची, रोह्याच्या पुढे. आता आपल्याकडे आधी नवऱ्याला हळद लागते, मग त्याच्या अंगावरची उरलेली, म्हणजे उष्टी हळद नवरीकडे जाते, आणि ती पोचल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. मुलीकडे पाट मांडलेला, बायका जमलेल्या, जात्यावरच्या ओव्या घोळवून झालेल्या, आणि सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे. शिवाय सरूच्या, म्हणजे नवरीच्या आजीने निरोप धाडला होता: हळद दिवेलागणीच्या आत लागली पाहिजे. दिवे लागल्यावर आमच्यात हळद लावत नाहीत. ही आजी म्हणजे बायजा. साखरपुड्यात तिने नाथाला तीनदा उभं करून पाहिलं होतं, त्यामुळे पेणकडची सगळी मंडळी तिला वचकून होती.

आणि हळद नेणार होती मालू.

हे काम तिला कसं मिळालं ते सांगायला हवं. मालूचं लग्न झालं नाही. त्यामागे सांगण्यासारखी काही गोष्ट नाही. आधी आईचं आजारपण होतं, मग पोह्यांच्या पापडांचा व्याप वाढला, आणि मग कधीतरी लोकांनी विचारायचं सोडून दिलं. बिनलग्नाच्या आत्याला लग्नघरात कोठीची किल्ली मिळते. नारळ मोजा, ताटं मोजा, पाहुण्यांच्या पोरांना लाडवांपासून लांब ठेवा. भाचेकंपनी एकेक उजवत गेली, मालू कोठीतच राहिली. यंदा मात्र तिने आपण होऊन सांगितलं, उष्टी हळद मी नेईन. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गुणाजीदादा म्हणाला, "तुला जमंल ना गो?" हे 'ना' मालूच्या जिव्हारी लागलं. मोबाइल तिने कुणाला न विचारता, स्वतःचा स्वतः शिकून घेतला होता. त्याच रात्री तिने त्यावर बोट फिरवलं आणि निळं विमान उडालं.

हौसावहिनीचा बेत साधा होता. दुपारी नाथाची हळद आटोपली की आळीतल्या गोविंदाची जीप लगेच सुटायची. मालूने तो मोडीत काढला. "एवढी घाई कशाला? तिकडं दुपारच्या उन्हात जाऊन बसायचं काय? चारला निघू. तवर गोविंदा पनवेलहून पावण्यांना घेऊन येईल." आणि पुन्हा मोबाइल दाखवला. ज्याने विचारलं त्याला दाखवला, ज्याने नाही विचारलं त्यालाही दाखवला.

वहिनीने आणखी एकच सुचवलं. "वन्सं, हळद स्टीलच्या डब्यात न्या. घट्ट झाकणाचा हाय."

"डब्यात?" मालू म्हणाली. "धाटावला कंपनीत शिफ्टला चाललेय का मी, डबा घेऊन?"

म्हणून हळद देवघरातल्या पितळी गडूत भरली गेली, आणि गडूच्या तोंडाला केळीचं पान दोऱ्याने बांधलं. दिसायला फार देखणं दिसत होतं. देखणेपणाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

चार वाजले. मालू अबोली रंगाची नवी साडी नेसून, मांडीवर गडू घेऊन ओट्यावर बसली. गोविंदा नव्हता. फोन केला तर म्हणाला, "आत्या, पावणे निगालेतच. फकस्त त्यांच्या सुनंला साडी बदलायची हाय." थोड्या वेळाने पुन्हा केला तेव्हा सून साडी बदलून आली होती आणि तिला पाहून सासूला आपली बदलावीशी वाटली होती.

तोवर आळी गोळा झाली होती. पोपट वाणी म्हणाला एसटी धर. त्याची बायको म्हणाली रेल्वे बरी, एसटीत हळद उन्हाने सुकेल. कुणी म्हणालं, धाटावच्या कंपनीतली पोरं मोटरसायकलने शिफ्टला जातात, त्यांच्यातल्या एकाला गडू दे. "उष्टी हळद काय पार्सल हाय?" मालू म्हणाली. समोरच्या ओटीवरून जोसेफकाका मान हलवत होते. अख्ख्या आळीत विमानात बसलेला माणूस म्हणजे जोसेफकाका. काका बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू; त्यांची बहीण लीया आणि बाकीचं सगळं गणगोत इस्राएलात गेलं. काका आणि हन्नाकाकू तेवढे पेणला राहिले, का ते विचारलं की काका म्हणत, तिकडं वाल बरे मिळत नायत. एकदा ते बहिणीला भेटून आले, तेव्हापासून कुठल्याही प्रवासाबद्दल त्यांचा शब्द शेवटचा.

"विमानानं जायचं म्हणजे तीन तास आधी निघायला लागतं, मालू."

"काका, मी विमानानं नाय जात."

"तरी पण," काका म्हणाले.

काकांच्या ओटीखाली त्यांची पांढरी गाडी उभी होती, शुक्रवारीच धुतलेली, आरशासारखी. पण शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार, आणि त्यात काका किल्लीला हात लावत नाहीत हे आळीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं, ती शनिवारी बिनधास्त गाडीखाली झोपत. तेव्हा गाडीकडे कुणी पाहिलंही नाही. मालू रिक्षाने एसटी स्टँडवर गेली.

चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले रोह्याची गाडी आताच गेली. पुढची कधी, तर ती येईल तेव्हा. किती वेळ लागेल, तर तो रस्त्याला विचारा. मालूने मोठ्या विश्वासाने मोबाइल खिडकीतून आत सरकवला. गृहस्थांनी चष्मा चढवून तो पूर्ण वाचला, विमान सरकून पलीकडे पोचेपर्यंत पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "बाई, विमानाची चौकशी इथं नाय," ते म्हणाले. मागच्या रांगेतला एकजण हसला. मालूने पदर सावरला आणि रेल्वे स्टेशन गाठलं.

तिथे मात्र नशीब उघडलं असं वाटलं. तिकीट काढून ती आत येते तो दोन्ही फलाटांवर दोन गाड्या उभ्या. एक खचाखच भरलेली, दाराला माणसं लोंबकळत असलेली. दुसरी अगदी मोकळी, खिडकीपाशी बाक रिकामा. हळदीला कुणाचा धक्का लागता कामा नये. आणि शनिवारी संध्याकाळी रोह्याला मरायला कोण जातंय, म्हणजे मोकळी तीच रोह्याची, असा मालूने विचार केला आणि बाकावर ऐसपैस बसली. गडू मांडीवर. वारा सुखाचा होता. नाही म्हणायला एक शंका तिला आली, की कासू-नागोठण्याकडे जाताना हमरापूर लागत नाही. ही शंका तिला हमरापूर मागे पडल्यावर आली. दुसरी शंका येईपर्यंत जिते आलं.

जित्याच्या फलाटावर ती उतरली तेव्हा रोह्यापासून तिचं अंतर घरून निघतानाच्या अंतरापेक्षा वाढलेलं होतं, हवाई धरा की जमिनीवरचं. वर तिकीट तपासनीस समोर उभे. तिकीट रोह्याचं, बाई जित्याला. त्यांनी तिकीट उलटंसुलटं करून पाहिलं, जणू मागच्या बाजूला जिते लिहिलेलं असेल.

"हे तिकीट या बाजूचं नाय."

"मी पण या बाजूची नाय," मालू म्हणाली.

"गडूत काय हाय?"

"उष्टी हळद."

तपासनीस दोन पावलं मागे सरले. त्यांनी दंडाचं पुस्तक खिशात घातलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आवो, मग इथं काय करताव? तिकडं पोरगी पाटावर बसली असंल." जणू हे मालूला सुचलं नव्हतं. पेणला परत जाणारी गाडी त्यांनीच तिला दाखवली, हाताला धरून चढवलं, आणि ही गाडी पेणपर्यंतच आहे, पुढे नाही, हे दोनदा सांगितलं. शिकलीसवरली माणसं ज्या आवाजात लहान मुलांना सांगतात त्या आवाजात सांगितलं. ते मालूला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त लागलं.

गाडीत तिने धाटावला फोन लावायला घेतला, तर मोबाइल मेलेला. दिवसभर विमान उडवून उडवून त्याची बॅटरी संपली होती. म्हणजे धाटावचे लोक समजत होते हळद वाटेवर आहे, आणि पेणचे समजत होते हळद लागूनसुद्धा झाली. कुणी कुणाला फोन करत नव्हतं. मुलीकडच्यांनी 'कुठवर आलात' विचारलं तर ती तक्रार ठरते, आणि मुलाकडच्यांनी 'पोचली का' विचारलं तर तो अविश्वास. सोयरिकीत असंच असतं.

पेणला उतरेपर्यंत सूर्य गेला होता. मालू आपल्या आळीत मागच्या बाजूने शिरली, विहिरीकडून, चोरासारखी. घरासमोर मांडव झगमगत होता, वहिनीचा आवाज ऐकू येत होता. त्या उजेडात पाऊल टाकायची तिची छाती झाली नाही. उद्या सकाळपर्यंत 'मालूला जमलं नाय' एवढंच लग्नात शिल्लक राहणार होतं. नाथा-सरूचं लग्न लोक विसरतील, हे विसरणार नाहीत. आणि तिकडे ती पोरगी कोऱ्या अंगाने पाटावर बसलेली. ते आठवलं तेव्हा मात्र मालूला स्वतःच्या अब्रूचं काही वाटेना. ती काळोखाच्या कडेने जोसेफकाकांची ओटी चढली.

काका आरामखुर्चीत मान वर करून बसले होते. मालूने सगळं सांगितलं. एसटी, हमरापूर, जिते, काही लपवलं नाही. काका हसले नाहीत. वर बोट करून म्हणाले, "दोन दिसले. तिसऱ्याची वाट हाय. बस."

मग मालू, काका आणि आतून आलेल्या हन्नाकाकू, तिघंही आभाळाकडे पाहत बसली. आंब्याची फांदी आड येत होती म्हणून काकूंनी ती कपडे वाळत घालायच्या काठीने बाजूला धरली.

"तो बघा," मालू एकदम म्हणाली. "तिसरा. कसा ठळक हाय."

काकांनी डोळे बारीक केले. तिसरा तारा सावकाश सरकत होता, तांबडा दिवा मिचकावत, मुंबईकडे.

"विमान हाय," काका म्हणाले. "विमान चालत नाय."

त्या दिवसात मालूला दिसलेलं खरं विमान ते एवढंच, आणि तेही तिचं काम अडवायला आलं. पण त्याच्या मागोमाग, डोंगराच्या अंगाला, अगदी फिका असा एक ठिपका उमटला. काकांनी तो पुरता न्याहाळला. मग ते उठले, हात धुतले, पुटपुटत काहीतरी म्हणाले आणि खुंटीवरची किल्ली काढली. कुत्री आपण होऊन गाडीखालून बाहेर आली.

काका गाडी जपून चालवत. वडखळ आलं, गेलं. मालू सीटच्या टोकाला बसून गडू दोन्ही हातांनी धरून होती. गडब गावाजवळ तिला राहवलं नाही. "काका, जरा जोरात घ्या ना. तिकडं पोरगी बसलेय."

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून गाडी जोरात घेतली, आणि पुढे खड्डा होता.

गाडी आपटली. गडू मालूच्या हातातून सुटला, वर गेला, छताला लागला, तिथे क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि उलटा होऊन खाली आला. त्या दिवशी हवाई प्रवास जो काय घडला तो एवढाच, गडूचा. हवाई अंतर मालूच्या मांडीपासून गाडीच्या छतापर्यंत, आणि परतीचा मार्ग तिच्या डोक्यावरून. तेल घालून कालवलेली हळद केसांतून कपाळावर, कपाळावरून गालांवर, गळ्यावर, दोन्ही हातांवर आणि अबोली साडीवर ओघळली. केळीचं पान मागच्या काचेला चिकटून बसलं.

काकांनी गाडी कडेला घेतली. मग काका म्हणाले, "गाडीचं जाऊ दे. तुला लागलं नाय ना?"

"लागली," मालू म्हणाली. "सगळी लागली."

परत फिरायचं का, असं काकांनी नागोठण्याला विचारलं. परत कशाला? नाथाने दुपारीच आंघोळ करून हळद धुऊन टाकली होती, नवी उष्टी हळद आणणार कुठून? निदान तोंडाने जाऊन सांगावं, शिव्या खाव्या. भिसे खिंडीच्या वळणांवर मालूने ती वाक्यं मनात जुळवली. एकही नीट जुळलं नाही.

धाटावला पोचले तर मांडव दिसेना. गल्लीत सगळीकडे दिवे होते, एकाच घरापुढे काळोख. मांडवाला माळा लावलेल्या, पण विझलेल्या. मालूला वाटलं, लग्न मोडलं, लोक निघून गेले. ती चाचपडत पुढे झाली तर पायाला माणसं लागायला लागली. अख्खा मांडव भरलेला होता. पन्नासेक बायका काळोखात गप बसल्या होत्या, आणि पोरं कुजबुजत होती.

"कोन?" समोरून आवाज आला. बायजा आजीचा.

"मी मालू. पेणची."

"आलीस? मग लावा गो दिवे आता."

"आजी," मालू म्हणाली, "दिवेलागण तर कवाच झाली."

"कुटं झाली? दिवा लावलाच नाय आमी. दिवा लागल्याशिवाय दिवेलागण कशी व्हईल?"

मालू काळोखात उभी राहिली. हे बोलणं तिने पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं. कांदे हातात धरून उभ्या असलेल्या हौसावहिनीसमोर ते तिनेच केलं होतं, शब्द तेवढे वेगळे होते. त्या म्हातारीला मिठी मारावीशी वाटली, पण अंग ओलं होतं.

मग कुणीतरी बटण दाबलं. माळा लागल्या, ट्यूब लागल्या, आणि मांडवातल्या सगळ्या बायकांनी डोक्यापासून कमरेपर्यंत पिवळी झालेली एक पोक्त बाई पाहिली, हातात रिकामा गडू घेतलेली. मागे जोसेफकाका, त्यांच्याही टकलावर दोन थेंब.

"सांडली," मालू म्हणाली. जुळवलेल्या वाक्यांतलं एवढंच बाहेर आलं. "चूक माझी हाय. वयनी डबा देत व्हती."

बायजा काठी टेकत जवळ आली. तिने मालूला, नाथाला पाहिलं होतं तसंच, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुटं सांडली?" ती म्हणाली. "हाय की सगळी. खाली बस."

मालूला सरूच्या शेजारी पाटावर बसवलं. बायजाने आंब्याचं पान घेतलं, तेलात बुडवलं आणि मालूच्या गालावरची हळद हलक्या हाताने निपटून सरूच्या गालाला लावली. मग कपाळावरची कपाळाला, हातांवरची हातांना. बायकांनी ओवी उचलली, दोन तास गिळून ठेवलेली. मालूचं डोकं खाली होतं. पन्नास वर्षांत कुणी तिला पाटावर बसवलं नव्हतं, आणि कुठे बघायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"आत्या," सरू खालमानेनेच पुटपुटली, "हसू नका, मला पन हसू येतं."

"मी हसत नाय गो," मालू म्हणाली, आणि ते खरं होतं.

"नवऱ्याची उष्टी, वर आत्याची उष्टी," बायजाने मांडवाला ऐकू जाईल असं सांगितलं. "असली पक्की हळद धाटावात कुनाला लागली नाय." झालं, तेवढ्यावर निकाल लागला. यापुढे त्या हळदीला कमी म्हणायची कुणाची टाप नव्हती.

सगळं आटोपल्यावर मालू हात-तोंड धुवायला मोरीकडे निघाली, तेव्हा बायजाने काठी आडवी घातली. "आजची रात धुवू नको. हळद लागलेल्यानं धुवायची नसते. आन् बाहेर पन जायाचं नसतं. ऱ्हावा हितंच, दोगं पन."

तोवर कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता. तो जिवंत होताच वाजला. गुणाजीदादा. सोयरिकीचा संकोच त्याला अखेर सहन झाला नव्हता.

"पोचलीस ना गो? लागली हळद?"

"लागली की."

"मग? किती अंतर पडलं?"

मालूने मांडवाकडे पाहिलं. सरू मैत्रिणींत बसून आता मोकळेपणी हसत होती. "मोबाइलात लिवलंय तेवढंच," ती म्हणाली. "फकस्त वाट जरा जित्यावरनं गेली."

पंगत बसली. वालाची बिरडी होती. जोसेफकाकांनी तीनदा वाढून घेतली. मालूने मात्र पानावर बसल्यावर हळूच चमचा मागितला. आपल्या पिवळ्या हातांकडे एकदा पाहिलं, आणि बोटं न बुडवता बिरडी चमच्याने खायला लागली. पंगतीतल्या बायका एकमेकींना खुणावू लागल्या.

"विमानात असंच जेवतात," जोसेफकाकांनी त्यांना समजावून सांगितलं.